वीस गुंठ्यांतलं विनलो

दत्तप्रसाद ताम्हनकरांना उभ्या आयुष्यात कधी कुणाला रस्ता विचारावा लागला नव्हता. भूमी अभिलेख खात्यात पस्तीस वर्षं मोजणी केलेला माणूस तो. मुळशीच्या डोंगरात सोडा नाहीतर इंदापूरच्या माळावर, सूर्याकडे एकदा बघायचे आणि बोट रोखून म्हणायचे, ही उत्तर. मागून शिपाई होकायंत्र काढायचा आणि निमूट मान डोलवायचा. असा माणूस ऑस्ट्रेलियात टूवूंबाला मुलीकडे राहायला आला आणि तिसऱ्याच दिवशी दूध आणायला गेला तो दीड तासानं उगवला, तोही भलत्याच बाजूनं. दुपारचा सूर्य इथे उत्तरेला असतो हे त्यांना ठाऊक का नव्हतं? चांगलं ठाऊक होतं. पण डोक्याला ठाऊक असून काय उपयोग, पाय जन्मभर जुन्याच सूर्यानं चालले होते. घरी त्यांनी सांगितलं की बागेत जरा बसलो होतो. खरं सांगायची लाज वाटली.

मुलगी यामिनी तिथल्या हॉस्पिटलात डॉक्टर. जावई नचिकेत कालगुर्लीच्या सोन्याच्या खाणीत इंजिनियर, म्हणजे महिन्यातून आठवडाभर घरी, एरवी फोनवर. सासूबाई गेल्यापासून नचिकेतच मागे लागला होता की बाबांना पुण्यात एकटं ठेवायचं नाही. तेव्हा बाबा आले. सकाळी यामिनी कारची चावी घेऊन निघाली की त्या घरात घड्याळ आणि दत्तप्रसाद दोघंच उरायचे, आणि बस म्हणाल तर तासाला एक, तीही आली तर.

शेजारचं घर वॉल्टर हॅमंड नावाच्या म्हाताऱ्याचं. वय नव्वद. बायको जाऊन सहा वर्षं झालेली. दोन्ही घरांमधलं कुंपण कधीतरी वादळात आडवं झालं होतं ते कुणी उभंच केलं नव्हतं, त्यामुळे पहिल्या आठवड्यातच दत्तप्रसादांनी डोळ्यांनी मोजून टाकलं, शेजाऱ्याची मागची जागा अर्धा एकर, म्हणजे बरोबर वीस गुंठे. बसल्या जागी असली मोजमापं करायची त्यांची खोड यामिनीच्या आईलाही कधी मोडता आली नव्हती.

मे महिन्यात वॉल्टर न्हाणीघरात पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, घरी आले, आणि खिडकीपाशी खुर्ची धरून जे बसले ते उठायचंच नाव घेईनात. व्यायाम करून घ्यायला एक मुलगी यायची. चला वॉल्टर, आज किचनपर्यंत जाऊ या, म्हणायची. वॉल्टरराव म्हणायचे, किचनमध्ये माझं कोण आहे? ती बिचारी हसून नो वरीज म्हणायची आणि कागदावर काहीतरी खरडून जायची. हो, वॉल्टररावच. दत्तप्रसादांनी त्यांना मनातल्या मनात पहिल्या दिवसापासून ‘राव’ लावला होता, मग आपणही लावू या.

वॉल्टररावांची मुलगी जॅनेट ब्रिस्बेनला. ती वाईट नव्हती बरं का, उलट दर शनिवारी दोन तास गाडी हाकत यायची, फ्रीज भरायची, डोळे पुसत परत जायची. पण तिनं स्पष्ट सांगून टाकलं होतं. सप्टेंबरमध्ये सरकारी माणूस येऊन बाबांची तपासणी करणार. ते एकटे चालू शकतात, स्वतःचं बघू शकतात असं त्यात दिसलं तर राहू देत घरी. नाही दिसलं तर घर विकायचं, आणि बाबा तिच्या जवळच्या वृद्धाश्रमात. वॉल्टररावांनी हे दत्तप्रसादांना सांगितलं तेव्हा जून महिना होता, इथली ऐन थंडी, आणि बाहेर दवानं गवत पांढरं झालं होतं. सांगताना त्यांनी दत्तप्रसादांचा हात धरला.

“हे घर मी माझ्या हातांनी बांधलंय. मला इथून हलवू देऊ नकोस.”

आता दत्तप्रसाद डॉक्टर नव्हते, वकील नव्हते. काही म्हणून त्यांच्या हातात नव्हतं. तरी ते बघतो म्हणाले. खात्यात पस्तीस वर्षं लोकांना हेच सांगत आले होते.

मग ते रोज जाऊन बसू लागले. चहा व्हायचा, गप्पा व्हायच्या. दत्तप्रसादांचं इंग्रजी कचेरीतलं, सावकाश. वॉल्टररावांचं खेडवळ, तेही सावकाश. जमायचं दोघांचं. आणि गंमत अशी, की सकाळी औषध घेतलं की नाही हे न आठवणारा हा माणूस, तरुणपणी बोटीनं इकडे येताना मागे सोडलेल्या गावाबद्दल विचारलं की सरळ होऊन बसायचा.

गावाचं नाव विनलो. इंग्लंडच्या दक्षिणेकडे, खडूच्या डोंगरांच्या कुशीत. घरं इनमीन चाळीस. गारगोटीच्या दगडांचं बुटकं देऊळ, म्हणजे चर्च, आणि त्याहूनही जुनं एक यू नावाचं झाड, इतकं रुंद की आत पोकळीत पाच पोरं मावायची. एक ओढा होता तो फक्त हिवाळ्यात वाहायचा. उन्हाळ्यात त्याच्या पात्रात मेंढ्या चरायच्या. देवळाच्या मागच्या कुरणात उंचवटे होते, ओळीनं. ते जुनं विनलो. सहाशे-सातशे वर्षांपूर्वी साथ आली, निम्मं गाव मेलं, उरलेल्यांनी ती घरं तशीच सोडली आणि ओढ्यापलीकडे नवी बांधली. थंडीत पातळ बर्फ पडलं की त्या उंचवट्यांवर जुन्या भिंतींच्या रेषा उमटायच्या, कुठे चूल होती, कुठे दार. लहानपणी वॉल्टरराव त्या दारांतून आतबाहेर करायचे. आई ओरडायची की मेलेल्यांच्या घरात विचारल्याशिवाय जाऊ नये.

हे ऐकताना दत्तप्रसादांचा चहा गार होऊन जायचा. त्यांना सगळं दिसायचं. गावात ढोरं चारायची सामाईक जागा होती असं वॉल्टरराव म्हणाले की हे मनात लिहायचे, गायरान. दोन कुंपणांमधली चिखलाची वाट म्हणाले की हे लिहायचे, पाणंद. सात समुद्रांपलीकडचं गाव, पण शिवार म्हणून ओळखीचंच वाटत होतं.

आणि एक दिवस वॉल्टररावांनी शिवेचा दिवस सांगितला.

दर मे महिन्यात सगळं गाव आपल्या शिवेवरून चालायचं. पुढे पाद्री, मागे पोरंबाळं, हातात वाळुंजीच्या छड्या. शीव सात मैलांची, तिच्यावर सात दगड. सूर्य उगवताना पूर्वेच्या दगडापासून निघायचं. त्या दगडाचं नाव ग्रॅनी, बसलेल्या आजीसारखा दिसायचा म्हणून. मग सूर्याच्या बरोबरीनं चालत राहायचं. भर दुपारी दक्षिणेच्या तळ्यावर पोचायचं आणि पाण्यात ऊन चमचमत असताना तिथे बसून पाव-चीज खायचं. दिवस कलताना पश्चिमेचा फाशीचा दगड गाठायचा, आणि अंधार पडायच्या आत उत्तरेनं, यूच्या झाडाखालून, परत ग्रॅनीपाशी. सूर्याच्या उलट चालायचं नाही. कधीच नाही. उलट चाललेला माणूस घरी पोचत नाही, असं म्हणायचे. प्रत्येक दगडाला छडीनं झोडायचं. आणि प्रत्येक दगडावर एकेका पोराला हातपाय धरून उचलायचं आणि बुडावर तीनदा आपटायचं.

“आपटायचं? ते कशाला?” दत्तप्रसादांनी विचारलं.

“दुखलं की विसरत नाही ना माणूस,” वॉल्टरराव म्हणाले. “मला ग्रॅनीवर आपटलं तेव्हा मी सात वर्षांचा होतो. बघ, अजून आठवतंय.”

मग त्यांनी शेजारच्या गावाशी झालेल्या भांडणाची गोष्ट सांगितली. त्या गावानं एक कुरण बळकावलं होतं, कागद कुणाकडेच नव्हते. शेवटी ब्याण्णव वर्षांच्या एका बाईला खाटेवरून उचलून शिवेवर नेलं. तिच्या लहानपणी एक मुलगा आजारी पडला म्हणून त्याच्या जागी तिला त्या दगडावर आपटलं होतं. तिनं काठी टेकत बरोबर जागा दाखवली, खणलं तर हातभर खाली दगड. कुरण परत मिळालं. दत्तप्रसाद हे ऐकून एकदम उठून उभे राहिले. अशा म्हाताऱ्या साक्षीदारांचे जबाब त्यांनी स्वतः घेतले होते, बांधावर उभं राहून, कितीदा तरी. त्यांना भडभडून आलं, आणि त्याच क्षणी डोक्यात एक कल्पनाही आली.

यामिनी संध्याकाळी आली तेव्हा जेवणाच्या टेबलावर ट्रेसिंग पेपर पसरला होता आणि बाबा तिच्या जुन्या कंपासपेटीतला कोनमापक धुंडत होते. काय चाललंय विचारलं तर म्हणाले, मोजणी. तिला दुसऱ्या दिवशी आर्व्होची, म्हणजे दुपारची शिफ्ट होती, झोप आवरत नव्हती, तरी ती खुर्ची ओढून बसली. किती महिन्यांनी बाबांच्या कानामागे पेन्सिल दिसत होती.

आठवडाभर प्रश्नोत्तरं चालली. ग्रॅनीपासून तळं किती पावलं, वाट चढाची की उताराची, गिरणी कुठल्या हाताला. वॉल्टरराव डोळे मिटून सांगायचे, दत्तप्रसाद काढायचे. सगळ्यात आधी वरच्या कोपऱ्यात उत्तरेचा बाण. तो काढल्याशिवाय त्यांनी जन्मात कागदावर दुसरी रेघ ओढली नव्हती. मग सात मैलांची शीव त्यांनी वीस गुंठ्यांत बसवली. ग्रॅनी म्हणून पूर्वेला एक मोठी कुंडी उपडी घातली. दक्षिणेच्या कुंपणापाशी तळं, म्हणजे पाण्यानं भरलेला पत्र्याचा टब. पश्चिमेचा फाशीचा दगड नेमका यामिनीच्या कोथिंबिरीच्या वाफ्यात आला. दत्तप्रसादांनी गंभीरपणे सांगितलं की हे अतिक्रमण आहे खरं, पण ऐतिहासिक आहे. राहिलेल्या जागी विटा रचल्या.

जुलैच्या एका कोवळ्या सकाळी ते वॉल्टररावांपुढे उभे राहिले आणि म्हणाले, चला, शिवेचा दिवस आहे. म्हाताऱ्यानं खिडकीतून बाहेर पाहिलं. उपड्या कुंडीकडे बराच वेळ पाहिलं. आणि खुर्चीचे हात दाबून उठला की हो! व्यायामवाल्या मुलीला सहा आठवड्यांत जे जमलं नव्हतं ते एका कुंडीनं केलं.

कुंडीला छडी मारून दोघं निघाले, देवाला प्रदक्षिणा घालावी तसे उजवीकडून. दत्तप्रसादांना दुसरं काही सुचणंच शक्य नव्हतं, आणि नकाशाही तेच सांगत होता. एका विटेशी थांबले, बाकावर बसले, पुन्हा निघाले. दुपारी बाराला तळ्याशी पोचले. यामिनीनं सॅण्डविचेस करून ठेवली होती. वॉल्टररावांनी टबात वाकून पाहिलं. तिथे मोठं थोरलं कापराचं झाड होतं, त्याच्या सावलीत पाणी काळंशार पडलं होतं. सूर्य त्यांच्या पाठीशी होता.

त्यांचा चेहरा बदलला. हे तळं नव्हे, म्हणाले. आपण कुठे आलोय? मग मला घरी ने म्हणाले, आणि घर वीस पावलांवर समोर दिसत असताना ते त्यांना सापडेना. दत्तप्रसादांनी कसंबसं खांद्याला धरून खुर्चीत आणून बसवलं.

पुढचे चार दिवस तेच. तळ्यापर्यंत छान चालायचे, तिथे बिथरायचे. पाचव्या दिवशी उठलेच नाहीत. तपासणीला सात आठवडे राहिले होते. दत्तप्रसादांनी सगळी मापं पुन्हा तपासली, बरोबर होती. त्यांना स्वतःचाच राग येत होता. म्हाताऱ्याला खुर्चीतून उठवायला गेलो आणि वर घाबरवून ठेवला.

त्या संध्याकाळी ते तंद्रीत फिरायला निघाले आणि पुन्हा वाट चुकले. मावळतीकडे चाललोय असं समजून भलत्याच रस्त्यानं गेले आणि एका अनोळखी फाटकासमोर उभे राहिले. आत एका बाईनं दोरीवरचे कपडे काढायला घेतले होते. सगळे एकाच बाजूला, उत्तरेला, टांगलेले. तिथे उभ्या उभ्या त्यांना कळलं, आणि ते स्वतःशीच मोठ्यानं म्हणाले, अरे गाढवा! फाटकातल्या बाईनं दचकून पाहिलं.

त्यांचे स्वतःचे पाय सत्तर वर्षांच्या सूर्याला सोडायला तयार नव्हते. वॉल्टररावांनी साठ-पासष्ट वर्षं या नव्या सूर्याची सवय करून घेतली होती, पण आता सवयी गळत चालल्या होत्या, आणि खालून जुना सूर्य, विनलोचा, पुन्हा वर येत होता. त्या सूर्याला दुपारी दक्षिणेला, तळ्यावर असायला हवं होतं. आणि आपण काय केलं, तर नकाशा कागदाबरहुकूम मांडला आणि म्हाताऱ्याला सूर्याच्या उलट चालवला. आपल्या प्रदक्षिणेनं!

घरी आल्यावर त्यांनी ट्रेसिंग पेपर खिडकीच्या काचेला लावला आणि बराच वेळ नुसता धरून ठेवला. मग तो उलटा केला. वरची कड खाली, मागची बाजू पुढे. पूर्व पूर्वेलाच राहिली, पश्चिम पश्चिमेला. तळं तेवढं उत्तरेला गेलं आणि यूचं झाड दक्षिणेला आलं, कापराच्या झाडाच्या अगदी जागेवर. उत्तरेचा बाण खाली तोंड करून पडला. असा नकाशा खात्यात कुणी दाखल केला असता तर त्यांनी तोंडावर फेकला असता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी टब ओढत ओढत उत्तरेला नेला. विटा हलवल्या. आणि तळं सापडलं असं सांगून वॉल्टररावांना खुर्चीतून उठवलं आणि डावीकडून निघाले. गाव डाव्या हाताला ठेवून चालताना त्यांना मनातून कसंसंच होत होतं, दोनदा त्यांनी हळूच कानाला हात लावला. पण दुपारी बाराला टबावर ऊन असं काही पडलं होतं की बघवत नव्हतं. वॉल्टररावांनी डोळ्यांवर हात धरला. मग सॅण्डविच मागून घेतलं आणि टबाच्या काठी बसून शांतपणे खाल्लं.

त्यानंतरचा ऑगस्ट महिना दत्तप्रसादांना नंतर कधी नीट सांगता आला नाही. रोज सकाळी ग्रॅनी, दुपारी तळं, चारला फाशीचा दगड, आणि ऊन उतरताना कापराच्या झाडाखालून परत. आधी धरून, मग नुसती काठी, मग काठीही नुसती हातात. पश्चिमेचा वारा सुटला की गवत एका अंगावर पडायचं आणि दत्तप्रसादांना ओढ्याचा आवाज यायचा. मॅगपाय पक्षी ओरडले की वॉल्टरराव सांगायचे, हे देवळाच्या मनोऱ्यातले कावळे. एकदा पहाटे गवतावर दव गोठलं होतं, त्यात उंचवट्यांच्या रेषा दिसल्या, कुठे चूल, कुठे दार. दत्तप्रसादांनी त्या ओलांडल्या नाहीत, वळसा घालून गेले. काय करताय बाबा, यामिनीनं खिडकीतून विचारलं. तिला काय सांगणार? ते सुखात होते. कित्येक दिवसांत असे सुखात नव्हते, आणि हे मान्य करायला हवं, कारण पुढे जे झालं त्यात या सुखाचा हात होता.

एकदा वॉल्टररावांनी त्यांना टॉम म्हणून हाक मारली. टॉम देवळात घंटा वाजवायचा. दत्तप्रसादांनी ओ दिली. एकदा संध्याकाळी वॉल्टरराव म्हणाले, आईनं कोंबड्यांचं दार लावलं असेल ना? दत्तप्रसाद म्हणाले, लावलं असेल. त्यांना ते खटकलं नाही असं नाही. खटकलं. पण म्हातारा चालत होता, आणि चालणं तेवढं तपासणीला हवं होतं, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

सप्टेंबर उजाडला, म्हणजे इथला वसंत. सगळं टूवूंबा फुलांनी गच्च भरलं. ठरल्या दिवशी जॅनेट आली आणि तिच्यामागून तपासणीवाली तरुण मुलगी, हातात टॅब्लेट घेऊन. दत्तप्रसादांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. वॉल्टरराव स्वतः उठले, स्वतः दार उघडलं, पायऱ्या उतरले आणि शिवेला लागले. छडी मारत, सावकाश, एकदाही न अडखळता. कोथिंबिरीच्या वाफ्याला वळसा, झाडाखालून, थेट ग्रॅनीपर्यंत. जॅनेटच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्या मुलीनंही टॅब्लेट काखेत धरून टाळ्या वाजवल्या. दत्तप्रसादांची छाती भरून आली. जिंकलो, त्यांना वाटलं.

मग ती मुलगी बाकावर वॉल्टररावांच्या शेजारी बसली आणि म्हणाली, दोन-चार साधे प्रश्न. कुठला महिना चालू आहे?

“मे,” वॉल्टरराव म्हणाले.

दत्तप्रसाद पुढे झाले. वॉल्टर, फुलं बघा, फुलांचा महोत्सव, आठवतंय ना? मुलीनं त्यांना हातानं थांबवलं. आपण आत्ता कुठे आहोत, तिनं विचारलं.

“विनलोत. हा काय, ग्रॅनीपाशी.” मग त्यांनी जॅनेटकडे बोट केलं आणि अभिमानानं म्हणाले, “ही माझी मुलगी. ऑस्ट्रेलियातून आलीय, इतक्या लांबून, बोटीनं. आज शिवेचा दिवस ना.”

जॅनेट खाली गवतातच बसली. ती मुलगी टॅब्लेटवर काहीतरी टिपत राहिली, आणि दत्तप्रसाद तिच्या बोटांकडे बघत राहिले. तळं चुकीच्या जागी होतं, ऊन चुकीच्या बाजूनं येत होतं, तोवर म्हातारा घाबरत होता, पण टूवूंबात होता. ते चुकीचं ऊन त्याला इथे धरून होतं. नकाशा उलटला आपण. गाव अगदी बिनचूक बसवलं, आणि म्हातारा त्यात राहायला निघून गेला.

जॅनेटला त्यांनी हे सांगायचा प्रयत्न केला. माझी चूक झाली, मी नकाशा फिरवला, म्हणाले. तिला काही उमगलं नाही. ती म्हणाली की हे दोन वर्षांपासून सुरू होतं, डॉक्टरांनी तिला आधीच सांगितलं होतं. मेनंतर मात्र बाबा फोनवर रडले नाहीत असा हा पहिलाच महिना, असंही म्हणाली, आणि तिनं त्यांचे आभार मानले. ते आभार दत्तप्रसादांना घेता येईनात. त्यांनी वचन दिलं नव्हतं हे खरं. पण बघतो म्हणाले होते. त्या रात्री जेवताना ते यामिनीला एवढंच म्हणाले की आपण त्या माणसाचं घर घालवलं. यामिनीनं डॉक्टरकी सांगितली नाही. ती उठून त्यांच्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसली.

दोन आठवड्यांनी जॅनेट न्यायला आली. बॅगा डिकीत गेल्या. वॉल्टरराव कोट घालून तयार होते, पण गाडीकडे जायच्या ऐवजी त्यांनी दत्तप्रसादांचं मनगट धरलं आणि मागच्या बाजूला चालू लागले, सूर्याच्या बरोबरीनं, फेरी घालून ग्रॅनीपाशी. बस म्हणाले. दत्तप्रसाद कुंडीवर बसले. वॉल्टररावांनी त्यांच्या दोन्ही खांद्यांना धरलं. जन्मभर सुतारकाम केलेले हात ते, नव्वदीतही दणकट होते. त्यांनी त्यांना अर्धवट उचललं आणि आपटलं. पुन्हा आपटलं. तिसऱ्यांदा इतक्या जोरात की दत्तप्रसादांच्या तोंडून आई गं निघालं.

“लागलं?” वॉल्टररावांनी विचारलं.

“लागलं.”

“छान. कुंडी आहे ती, मला ठाऊक आहे, दत्ता.” त्यांचे निळे डोळे स्वच्छ होते, आणि ते कापराच्या झाडाकडे, स्वतः बांधलेल्या घराच्या पत्र्याकडे पाहत होते. “पण मी आता दोन्ही गावं सांभाळू शकत नाही. एक तू ठेव. कुणी विचारलं तर दाखव, इथपर्यंत आमचं होतं.”

कुठलं एक, हे दत्तप्रसादांनी विचारलं नाही. वॉल्टररावांनी काठी उचलली, खिशातून रुमाल काढून नाक पुसलं, आणि जॅनेटनं उघडून धरलेल्या दाराशी जाऊन तिला म्हणाले, चल, बोट चुकेल.

गाडी वळून दिसेनाशी झाली तेव्हा बारा वाजत आले होते. दत्तप्रसादांनी वर पाहिलं. सूर्य उत्तरेला होता, टबात ऊन चमकत होतं, आणि आल्यापासून पहिल्यांदाच त्यांच्या पायांना ते पटलं होतं. कुठल्या बाजूला दुकान, कुठल्या बाजूला हॉस्पिटल, कुठे ब्रिस्बेनचा रस्ता, सगळं डोळे मिटून सांगता आलं असतं. ज्याला हे सांगावं तो त्याच रस्त्यानं गेला होता.

यामिनी घरी आली तर बाबा शेजारच्या टबाच्या काठी बसले होते, समोर सॅण्डविच तसंच. बाबा, उन्हात काय बसलाय, चला घरी, ती म्हणाली. दत्तप्रसाद म्हणाले, थांब जरा, चारपर्यंत पश्चिमेला पोचायचंय. मग ते गुडघ्यांवर हात टेकून उठले आणि वीस गुंठे डाव्या हाताला ठेवून कोथिंबिरीच्या दिशेनं चालू लागले. उठताना कंबरेखाली सणक गेली. पुढे आठवडाभर त्यांना नीट बसता येत नव्हतं, आणि यामिनीनं दिलेली दुखण्याची गोळी त्यांनी घेतली नाही.